ऑक्सफर्ड १८८०: जिंकलेल्याची निवड रद्द झाली, मग पडलेले हारकोर्ट खासदार का झाले नाहीत?

तुम्ही विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहात. वाचनात ऑक्सफर्डची १८८० ची पोटनिवडणूक आली आणि त्यातून तुम्ही विचारलंत: ब्रिटनचे गृहमंत्री सर विल्यम हारकोर्ट तिथे फक्त ५४ मतांनी पडले. काही महिन्यांत विजयी उमेदवाराची निवड लाचेच्या कारणावरून रद्द झाली. रिंगणात दोघंच होते, तर दुसऱ्या क्रमांकाचे हारकोर्ट आपोआप निवडून आले असं का धरलं नाही? आणि ती जागा १८८५ पर्यंत रिकामी का राहिली?

प्रश्न जुन्या इंग्लंडचा असला, तरी मी बावीस वर्षं निवडणूक याचिका, म्हणजे निवडणुकीच्या निकालाला न्यायालयात आव्हान देणारे खटले, चालवते आहे आणि हाच प्रश्न जवळपास प्रत्येक पराभूत उमेदवार माझ्यासमोर बसून विचारतो. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी घटना नीट लावून घेऊ. १८८० च्या मार्च-एप्रिलमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली आणि ग्लॅडस्टन यांचा लिबरल पक्ष सत्तेवर आला. ऑक्सफर्ड शहराला तेव्हा दोन जागा होत्या. दोन्ही लिबरल पक्षाने घेतल्या: एक हारकोर्ट, दुसरे जोसेफ चिटी. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे अलेक्झांडर विल्यम हॉल हे मावळते खासदार, शहरातल्या बिअर कारखान्याचे मालक. ते अगदी थोड्या मतांनी तिसरे आले. म्हणजे हॉल यांची ताकद शहरात पुरेपूर शाबूत होती, हे लक्षात ठेवा.

मग ग्लॅडस्टन यांनी हारकोर्टना गृहमंत्री केलं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये खासदाराने राजाकडून पगारी मंत्रिपद स्वीकारलं की त्याची जागा रिकामी होई आणि त्याला पुन्हा मतदारांकडे जावं लागे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा हा नियम. राजाने पदं वाटून संसद खिशात घालू नये, हा त्यामागचा हेतू. बहुतेक वेळा ही फेरनिवड बिनविरोध होई. ऑक्सफर्डमध्ये नुकतेच निसटते हरलेले हॉल पुन्हा उभे राहिले आणि मे महिन्यात निकाल लागला: हॉल २७३५, हारकोर्ट २६८१. मंत्रिपदावर बसलेला माणूस महिन्याभरात खासदारच उरला नाही. हा नियम १९१९ मध्ये सैल झाला आणि १९२६ मध्ये पुरता गेला. त्याआधी १९०८ मध्ये चर्चिल यांनाही त्याने मँचेस्टरमध्ये पाडलं होतं.

हारकोर्ट मात्र फार दिवस बाहेर राहिले नाहीत. डर्बीचे खासदार सॅम्युअल प्लिमसॉल, म्हणजे जहाजावर किती भार घालायचा याची रेषा ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते, यांनी आपली जागा त्यांच्यासाठी सोडली. गृहमंत्री म्हणून हारकोर्ट खलाशांसाठी आपल्यापेक्षा जास्त करू शकतील, अशी प्लिमसॉल यांची धारणा होती. मे संपायच्या आत हारकोर्ट डर्बीतून बिनविरोध सभागृहात परतले आणि १८९५ पर्यंत तिथलेच खासदार राहिले.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं व्यवहारातलं एक उत्तर इथेच मिळतं. हॉल यांच्या निवडीविरुद्धची याचिका सुनावणीला आली तेव्हा हारकोर्टना ती जागा नकोच होती. पण हे उत्तर अपुरं आहे. त्यांनी जागा मागितली असती तरी त्यांना ती मिळणं फार अवघड होतं, आणि याचं कारण समजणं महत्त्वाचं आहे.

निवडणूक याचिकेत दोन निरनिराळ्या मागण्या असतात आणि लोक त्या एकच समजतात. पहिली मागणी: समोरच्याची निवड रद्द करा. दुसरी: मला निवडून आलेला जाहीर करा. पहिलीसाठी सिद्ध करावं लागतं की त्याच्या बाजूने कायद्याने निषिद्ध केलेलं कृत्य घडलं. दुसरीसाठी सिद्ध करावं लागतं की खऱ्या, वैध मतांत मी पुढे होते. पहिला प्रश्न वर्तनाचा आहे, दुसरा मोजणीचा. वर्तन सिद्ध झालं म्हणून मोजणी आपोआप बदलत नाही.

५४ हा आकडा आपल्याला फसवतो तो इथेच. फरक कमी असला की डोळा मोजणीकडे जातो. पण इंग्लंडच्या कायद्यात लाचेच्या मुद्द्यावर फरकाला काही किंमत नव्हती. उमेदवाराच्या एजंटाने एका मतदाराला लाच दिल्याचं सिद्ध झालं तरी निवड रद्द, मग फरक ५४ चा असो की ५,४०० चा. हॉल यांची निवड एजंटांनी केलेल्या लाचखोरीवर गेली. ५४ मतं विकत घेतली गेली होती का, हे मोजायची न्यायाधीशांना गरजच पडली नाही. आणि मोजलं नसल्यामुळेच, ती मतं वजा केली तर हारकोर्ट पुढे जातात का, हे ठरलंच नाही.

तुम्ही म्हणाल, दोघंच उमेदवार होते, एक बाद झाला, उरला तो एकच. हा युक्तिवाद आपल्याकडे एका वेगळ्या प्रसंगी चालतो. उमेदवार मुळातच अपात्र असेल आणि रिंगणात दोघंच असतील, तर अपात्र माणसाला पडलेली मतं वाया गेली असं धरून दुसऱ्याला निवडून आलेला जाहीर करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आहे. पण हॉल उभे राहायला पात्र होते. त्यांना मत देणाऱ्या २७३५ लोकांपैकी असंख्य लोकांनी एक पैसाही न घेता, मनापासून त्यांना मत दिलं होतं. एजंटाच्या पापासाठी त्या सगळ्यांची मतं कचऱ्यात टाकून अल्पमतातल्या माणसाला त्यांचा प्रतिनिधी करणं म्हणजे मतदारांना शिक्षा देणं. म्हणून कायदा म्हणतो: निवड रद्द, पुन्हा मतदारांना विचारा.

आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ही विभागणी कलम १०० आणि कलम १०१ अशी स्वच्छ दिसते. ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. कलम १०० निवड रद्द करण्याची कारणं देतं. कलम १०१ दुसऱ्याला निवडून आलेला कधी जाहीर करायचं ते सांगतं: एकतर त्याला प्रत्यक्षात वैध मतं जास्त असली पाहिजेत, किंवा विजयी उमेदवाराने भ्रष्ट आचरणाने मिळवलेली मतं काढली तर तो पुढे गेला असता हे दिसलं पाहिजे. यातला दुसरा भाग वाचायला सोपा आणि सिद्ध करायला महाकठीण. लाच घेतलेल्या माणसाने मत कोणाला दिलं, हे कसं दाखवणार?

इंग्लंडमध्ये निदान तांत्रिक सोय होती. १८७२ मध्ये गुप्त मतदान आलं, पण मतपत्रिकेवर क्रमांक असे आणि तोच क्रमांक स्थळप्रतीवर, म्हणजे पत्रिका फाडून दिल्यावर मागे उरणाऱ्या तुकड्यावर. न्यायालयाच्या हुकमाने विशिष्ट मतदाराची पत्रिका शोधून काढता येई आणि ते मत वजा करता येई. आपल्याकडेही कागदी मतपत्रिकांच्या काळात स्थळप्रतीवर मतदार यादीतला क्रमांक लिहीत. आता ईव्हीएममध्ये तो धागा उरला नाही. १७-अ नमुन्यातल्या नोंदवहीत तुम्ही मतदान केलंत एवढं दिसतं आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव-चिन्ह असतं, मतदाराचं काही नसतं. मला स्वतःला हे योग्यच वाटतं. पण त्यामुळे कलम १०१ चा तो भाग लाचेच्या प्रकरणात जवळजवळ कागदावरच राहतो, हे अशिलाला पहिल्या दिवशी सांगावं लागतं.

आणखी एक कारण आहे आणि ते पुस्तकात एका ओळीत येतं म्हणून विद्यार्थी त्यावरून पुढे जातात. जागा स्वतःसाठी मागितली की प्रतिवादीला उलट आरोप करण्याचा हक्क मिळतो. इंग्लंडच्या १८६८ च्या कायद्यात तो होता, आपल्याकडे कलम ९७ मध्ये आहे. म्हणजे तुम्ही नुसतं ‘त्याची निवड रद्द करा’ म्हणालात तर न्यायालय त्याचं वर्तन पाहतं. ‘आणि ती मला द्या’ म्हणालात की तुमचंही वर्तन पाहिलं जातं. तुमच्या कार्यकर्त्यांनी केलेला खर्च, तुमच्या गाड्या, तुमची जेवणं, सगळं टेबलावर येतं. मी तर अशिलाला दुसरी मागणी लिहिण्याआधी सरळ विचारते, ‘दादा, तुमच्या बाजूचं सगळं उघडं करायची तयारी आहे का?’ या प्रश्नाला पटकन उत्तर फार कमी जणांनी दिलं आहे.

आता जागा रिकामी का राहिली त्याकडे येते. इथे ऑक्सफर्डचं प्रकरण हॉल आणि हारकोर्ट या दोन माणसांपुरतं राहत नाही.

१८६८ पर्यंत निवडणुकीचे तंटे सभागृहाच्या समित्याच ऐकत. त्या वर्षी हे काम न्यायाधीशांकडे गेलं आणि १८७९ पासून एकाऐवजी दोन न्यायाधीश बसू लागले. निवड रद्द करण्यासोबत त्यांना आणखी एक गोष्ट कळवावी लागे: या मतदारसंघात भ्रष्ट आचरण व्यापक प्रमाणावर माजलं होतं का? तसा अहवाल आला की संसद राणीला विनंती करून चौकशी आयोग नेमू शकत असे. १८८० च्या निवडणुकांनंतर असे आयोग आठ ठिकाणी गेले: ऑक्सफर्ड, बॉस्टन, कँटरबरी, चेस्टर, ग्लॉस्टर, नेझबरो, मॅकल्सफील्ड आणि सँडविच. तोवर नवी पोटनिवडणूक घ्यायचा आदेश संसदेने रोखून धरला. विचार असा की शहरच सडलेलं असेल तर पुन्हा मतदान घेऊन तोच बाजार पुन्हा भरवण्यात काय अर्थ? सँडविच आणि मॅकल्सफील्ड यांचं प्रतिनिधित्व पुढे कायमचं काढून घेतलं गेलं. ऑक्सफर्ड त्यातून वाचलं, पण १८८५ च्या फेररचनेत त्याच्या दोन जागांची एकच झाली.

मला हा उपाय कधीच पटलेला नाही. पैसे घेणारे आणि न घेणारे, दोघांचंही मत एकाच फटक्यात बंद होतं. वर मी म्हटलं की निवड रद्द करताना कायदा निर्दोष मतदाराला जपतो. जागा गोठवताना मात्र त्यालाच विसरतो. आपल्या कायद्याने ही वाट घेतली नाही. कलम १५१-अ प्रमाणे, थोडे अपवाद सोडले तर, सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते. माझ्या मते ते जास्त न्याय्य आहे.

ऑक्सफर्डसारख्या विद्यानगरीत मतं कशी विकली जात असतील, असं तुम्हाला वाटलं असेल. त्या काळी पैसा नेहमी थेट हातावर ठेवला जात नसे. मतदारालाच चार दिवसांसाठी निरोप्या, कारकून किंवा समितीच्या खोलीचा पहारेकरी म्हणून कामावर घ्यायचं. त्याच्या घराची ओसरी ‘समितीची खोली’ म्हणून भाड्याने घ्यायची. काम नावाला, मजुरी रोख. हिशेबाच्या वहीत सगळं नीट लिहिलेलं, पावतीसकट. गुप्त मतदान आल्यावर लाच बंद होईल अशी आशा होती, कारण विकत घेतलेला माणूस खरंच आपल्याला मत देतो का ते आता दिसत नव्हतं. झालं उलटंच. खात्री उरली नाही म्हणून कमी माणसांना जास्त देण्याऐवजी जास्त माणसांना थोडंथोडं दिलं जाऊ लागलं, आणि एकूण खर्च फुगला.

या आठ अहवालांनी देश हादरला आणि त्यातून १८८३ चा कायदा आला. ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, सर हेन्री जेम्स यांनी तो तडीस नेला. त्यात पहिल्यांदा खर्चाला वरची मर्यादा बसली. शहरी मतदारसंघात २००० पर्यंत मतदार असतील तर ३५० पौंड, त्याहून जास्त असतील तर ३८० पौंड आणि दोन हजारांवरच्या प्रत्येक पूर्ण हजारामागे ३० पौंड. सहा हजार मतदारांचं शहर धरलं तर जेमतेम ५०० पौंड. पगारी माणसं किती ठेवायची ते ठरलं, मतदारांना भाड्याच्या गाड्यांतून आणण्यावर बंदी आली, आणि सगळा पैसा एकाच निवडणूक प्रतिनिधीच्या हातून खर्च करून त्याचा हिशेब दाखल करणं सक्तीचं झालं. आपल्या कलम ७७ मधली खर्चाची स्वतंत्र वही, निवडणूक प्रतिनिधी ही व्यवस्था, कलम १२३ मधली भ्रष्ट आचरणाची यादी, या सगळ्यांचं मूळ तिथे आहे. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आले, ते याच मर्यादांखाली. त्यांच्या आडनावाचा उच्चार फिरवून तिथले लोक त्यांना ‘नॅरो-मेजॉरिटी’ म्हणत. मुंबईहून गेलेला मर्यादित पैशांचा माणूस तिथे टिकू शकला, यात त्या खर्चमर्यादेचा वाटा होता असं मला वाटतं.

एका बाबतीत मात्र आपण इंग्लंडपासून दूर गेलो आणि परीक्षेत याचा फरक पडेल. तिथे ‘एजंट’ या शब्दाचा अर्थ फार विस्तृत होता. उमेदवाराच्या परवानगीने मतं मागत फिरणारा कोणीही एजंट ठरू शके आणि त्याने दिलेली लाच उमेदवाराच्या जागेवर येई, उमेदवाराला पत्ता नसला तरी. आपल्या कलम १०० (१)(ब) मध्ये कृत्य स्वतः उमेदवाराचं, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीचं, किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणाचं असावं लागतं. संमती नसेल, तर इतर एजंटाच्या कृत्यासाठी निकालावर खरोखर परिणाम झाला हेही दाखवावं लागतं. तिथे पुन्हा मोजणी आलीच. हॉल यांची निवड आजच्या आपल्या कायद्याखाली टिकली असती का? एजंटांनी दिलेल्या पैशाला हॉल यांची संमती होती हे कोणी दाखवू शकलं असतं, तर गेली असती. नाहीतर टिकण्याची शक्यता बरीच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका विधानसभा मतदारसंघातले अशील माझ्याकडे आले, निकालानंतर चाळिसाव्या दिवशी. मुदत पंचेचाळीस दिवसांची. फरक तीनशेच्या आसपास. त्यांच्या भाच्याने एका फुलस्केप वहीत केंद्रवार मतं उतरवली होती, निळ्या शाईत जाहीर आकडे आणि लाल शाईत यांच्या पोलिंग एजंटांनी कळवलेले. ते वहीचं एकेक पान उलटून मला फेरमोजणीचा मुद्दा समजावत होते. मी त्यांना सांगितलं की नुसता फरक कमी आहे म्हणून न्यायालय फेरमोजणी देत नाही. कोणत्या केंद्रावर, कोणत्या फेरीत, काय चुकलं आणि त्याच वेळी लेखी हरकत घेतली होती का, हे लागतं. वहीत ते नव्हतं. मग वहीच्या मागच्या कप्प्यातून त्यांनी एक दुमडलेला कागद काढला. एका वस्तीत वाटलेल्या प्रेशर कुकरची यादी, त्रेचाळीस नावं, काहींपुढे अंगठे. फेरमोजणीपेक्षा तो कागद शंभर पटींनी मोलाचा होता. पण कुकर वाटणारा माणूस उमेदवाराचा लांबचा नातेवाईक. उमेदवाराची संमती कुठे, कोणासमोर, कधी, याचं आमच्याकडे एकही वाक्य नव्हतं, आणि भ्रष्ट आचरणाच्या आरोपाला तपशीलवार प्रतिज्ञापत्र लागतं. अंदाजाने संमती लिहायला मी नकार दिला. हातात पाच दिवस होते. त्या वस्तीतला एकही माणूस शपथेवर बोलायला पुढे आला नाही. फेरमोजणीची मागणी अपेक्षेप्रमाणे फेटाळली गेली.

ऑक्सफर्डच्या त्या काळच्या न्यायाधीशांपुढे असा कागद गेला असता तर निवड गेली असती. आमच्याकडे गेली नाही. कोणता कायदा बरोबर, याचं उत्तर मी एका दमात देणार नाही. इंग्लंडचा नियम उमेदवाराला आपल्या माणसांवर लगाम ठेवायला भाग पाडतो, पण विरोधकाने पेरलेल्या एका माणसामुळेही निवड जाऊ शकते. आपला नियम प्रामाणिक उमेदवाराला वाचवतो, आणि डोळे मिटून बसणाऱ्यालाही.

परीक्षेसाठी लिहायचं झालं तर एवढं पक्कं धरा: हॉल यांची निवड वर्तनावर गेली, मोजणीवर नाही, म्हणून हारकोर्टना ती आपोआप मिळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि जागा रिकामी राहिली ती शहराच्या चौकशीमुळे, या दोघांमुळे नाही. हॉल यांचं पुढे काय झालं, हेही तुमच्या मनात असेल. लाच एजंटांच्या हातून घडली असेल तर जुन्या कायद्यात उमेदवारावरची बंदी त्या संसदेच्या मुदतीपुरतीच असे. १८८५ मध्ये नवी संसद आली, ऑक्सफर्डला पुन्हा मतदानाचा हक्क मिळाला, आणि त्या एकाच उरलेल्या जागेवर शहराने अलेक्झांडर विल्यम हॉल यांनाच निवडून दिलं. ते १८९२ पर्यंत खासदार होते.